टॉवेलाखालचे दहा दिवस

दारू सोडण्यावर भाषणं देणारी माणसं मी पोत्यानं पाहिली आहेत. दारू सुटताना माणसाचं काय होतं ते पाहिलेली त्यांच्यात दोन-चारच निघतील. बाकीचे व्यासपीठावर चढतात, ‘मनाचा निर्धार हवा’ म्हणतात, शाल घेतात आणि जेवायला जातात. वीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसानं निर्धार करून एका सकाळी बाटली फेकली, की दुसऱ्या दिवशी आकडी येऊन, जीभ चावलेला, तो आमच्या दारात हजर व्हायचा. आमच्याकडे गर्दी निर्धार केलेल्यांचीच असायची. निर्धार नसलेले घरी निवांत पीत बसायचे.

बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका खाजगी इस्पितळात, व्यसन सोडवण्याच्या वॉर्डात, मी एकतीस वर्षं काढली. वॉर्डबॉय म्हणून लागलो. बेडपॅन उचलता उचलता नर्सिंगच्या परीक्षेला बसलो, दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा सुटलो आणि शेवटी वॉर्डाचा इनचार्ज झालो. सगळे ‘ब्रदर’ म्हणायचे. वशिला कुणाचा नव्हता. पण निवृत्त झालो तेव्हा मी इनचार्ज नव्हतो; तळमजल्यावर, धुऊन आलेल्या कपड्यांच्या खोलीत चादरींवर इस्पितळाचे शिक्के मारत होतो. ते कसं झालं, हे निरोप समारंभात मला बोलू दिलं नाही. मॅनेजरनं घड्याळ दाखवलं आणि माझ्या हातात नारळ ठेवला. म्हणून इथं लिहितो.

आधी आमचं काम समजून घ्या. दारू मेंदूला वरून दाबते. रोज दाब असला की मेंदू खालून उलटा जोर लावायला शिकतो, म्हणून तर रोज पिणारा माणूस उभा राहतो, कामावर जातो. एक दिवस वरचा दाब अचानक काढला, की खालचा जोर तसाच राहतो आणि मेंदू उसळतो. पहिल्या दिवशी घाम, उलट्या, हातांना थरथर. त्यानंतर आकडी येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींचं भान जातं. भिंतीवर मुंग्या दिसतात, अंथरुणात साप दिसतात, ताप चढतो, नाडी धावत सुटते. लक्ष दिलं नाही तर माणूस मरतो. आमचं काम एवढंच, की तो दाब एकदम न काढता गोळ्यांच्या मदतीनं हळूहळू उतरवायचा. दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, हाताची थरथर पाहायची, डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे डोस द्यायचा, रोज थोडा कमी करत न्यायचा. यात भाषणाला कुठं जागा आहे ते मला एकतीस वर्षांत सापडलं नाही.

भान गेलेल्या माणसाचे हात मात्र आपलं काम विसरत नाहीत. शहापूरचा एक विणकर पलंगावर बसून दोन दिवस धोटा फेकत होता. मधेच थांबून तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायचा. निपाणीची एक विडी वळणारी बाई हवेतलं पान कापायची, त्यात तंबाखू भरायची आणि वळलेली विडी उशीशेजारी नीट ठेवायची. एका कंडक्टरनं मला खानापूरचं तिकीट फाडून दिलं आणि पुढं सरका म्हणून खेकसला. कागदावर धंदा लिहिलेला नसला तरी चालायचं. हात बघून मी सांगायचो.

या सगळ्याला दिवस लागतात आणि खरी घासाघीस असायची ती दिवसांची. आमच्या डॉक्टरांच्या हिशेबानं बहुतेकांना सात दिवस पुरत. मी नातेवाइकांना दहा सांगायचो. कारण सात सांगितले असते तर लोकांनी तीन दिले असते.

“धा दिवस? बाळंतीण बी तीन दिसांत घरला येत्या की ब्रदर!”

“मग बाळंतीणच आणायची. याला कशाला आणलाय?”

“हिंडलग्याच्या जेलात टाकल्यागत करूलाव बघा तुम्ही.”

“हिंडलग्यात निदान भेटायला जाता येतंय. सरणावर काय करणार?”

माझी जीभ तिखट होती हे मान्य आहे. पण लोकही असे होते, की म्हैस घेताना तिचे दात, आचळ, खूर तपासून चार दिवस विचार करतील आणि घरचा कर्ता माणूस मात्र दोन दिवसांत दुरुस्त करून मागतील, पंक्चर काढल्यासारखा.

माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोली होते. एक बोट धरलं तर एक, पूर्ण पंजा दाबला तर पाच, पंजा दोनदा दाबला तर दहा. भोवती माणसं उभी असतात, पण कोण किती उतरला ते कुणाला दिसत नाही. हे शिक्षण मी वॉर्डात आणलं. पेशंटचा म्हातारा बाप चार भाऊबंद घेऊन येतो, सगळ्यांसमोर ‘दोनच दिवस’ म्हणून बसतो आणि मग त्याला मागं हटता येत नाही. मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून आमच्या हातांवर टाकायचो. आत म्हातारा सातावर यायचा. बाहेर त्याची मान ताठ राहायची. डॉक्टर हसायचे, पण त्यांना हे चालत होतं. पाचाच्या खाली मी कधी कुणाला उतरू दिलं नाही. पहिले पाच दिवस माझ्याकडे विकायला नव्हतेच.

मारुती बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनवर टर्नर होता. चाळिशीचा, गुणी, पहिल्या पाळीला जायच्या आधी चहाऐवजी दारू घेणारा. त्याच्या गावात बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरणार होती. यात्रेत रथाच्या दोराला पहिला हात लावायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याचे वडील, यल्लाप्पा, यांनी विचार केला, की पिणाऱ्या हातानं मान कसा घ्यायचा? म्हणून यात्रेच्या तीन दिवस आधी पोराला देवळात नेलं, त्याच्या हातावर भंडारा ठेवला आणि आजपासून थेंब नाही म्हणून शपथ घातली. मारुतीनं शपथ पाळली. आमच्या भागात लोक देवीची शपथ मोडत नाहीत. डॉक्टरचा कागद मोडतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला परसात आकडी आली. त्याची बायको रेणुका रिक्षात घालून त्याला आमच्याकडे घेऊन आली. मागून यल्लाप्पा आणि चौघे भाऊबंद आले.

यल्लाप्पांना सगळे आप्पा म्हणायचे. सत्तरीचे, ताठ, डोक्याला पटका, खांद्याला टॉवेल. मी दहा म्हटलं. ते दोन म्हणाले. मी टॉवेल ओढला.

त्यांचा हात माझ्या हातात आला तेव्हा तो थरथरत होता. बाजारात थरथरणारा हात म्हणजे अडलेलं गिऱ्हाईक. त्याला घाई असते, ते उतरणार हे दलालाला कळतं. मी आणखी ताणलं. तीन, चार, साडेचार असं करत आप्पा सहावर आले आणि मी हात सोडला. त्यांनी तो झटक्यात टॉवेलासकट ओढून घेतला. सौदा जिंकल्याचा आनंद मी त्या दिवशी डब्यातल्या भाकरीबरोबर खाल्ला.

यात्रेचा मुख्य दिवस म्हणजे मारुतीचा दारूविना चौथा दिवस. चौथ्या दिवसाची सकाळ फसवी असते. माणूस आंघोळ करतो, भाकरी मागतो, पेपर चाळतो. नातेवाइकांना वाटतं, झाला बरा. तशाच सकाळी आप्पा भाऊबंदांना घेऊन टेम्पोनं आले.

“दोन तास न्या म्हणा ब्रदर. दोराला हात लावून परत आणून सोडतो.”

“सहा ठरलेत आप्पा. आज इथला तिसराच.”

“बरा दिसूलाय की! माझ्यापरास ताजा हाय.”

“दिसतोय. आहे असं नाही.”

“तुम्ही न्हाय सोडला तर आम्ही सही करून कायमचाच नेतो. मग कुठले सहा आनि कुठले सात!”

डॉक्टर त्या दिवशी हुबळीला गेले होते आणि फोन लागत नव्हता. रेणुका कोपऱ्यात उभी होती. तिनं मला व्हरांड्यात गाठलं. “अण्णा, सोडू नगा. पहाटे भिंतीकडं बघून मुंग्या आल्यात म्हनत हुते.” मागून आप्पांचा आवाज आला, “रेणू, बायकांनी मधी बोलायचं न्हाय.”

मी ऐकलं होतं. मुंग्या म्हणजे काय हे वॉर्डात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण माझं डोकं सौद्यात होतं. सही करून पेशंट कायमचा गेला तर मी हरलो, दोन तासांवर तोडलं तर मी जिंकलो, एवढंच मला दिसत होतं. मी अटी घातल्या. मी स्वतः बरोबर येणार, इंजेक्शनची पेटी बरोबर घेणार, टेम्पो गर्दीबाहेर शाळेच्या मैदानात उभा राहणार, दुपारच्या गोळीच्या आत परत. आप्पांनी सगळ्या मान्य केल्या. मला वाटलं, झकास सौदा झाला. जे विकायचं नाही म्हणून इतकी वर्षं सांगत होतो, त्यातलेच दोन तास मी विकून आलो होतो.

गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघरी पै-पाहुणे, दारोदारी मटणाचा वास, ढोल, हलगी आणि सगळ्यांच्या अंगावर पिवळा भंडारा. मारुतीनं दोराला हात लावला. मग कुणीतरी मामा, कुणीतरी साडू त्याला पुढं ओढत गेला आणि तो माझ्या हातून सुटला. दोन तासांचे तीन झाले. गोळीची वेळ टळली. गर्दीतून वाट काढत पुन्हा रथाजवळ पोचलो, तर लोकांनी कडं केलं होतं आणि मधे मारुती उभा होता.

तो घामानं निथळत होता, डोळे कुठंतरी लांब. उजवा हात छातीपुढं गोल गोल फिरत होता, डावा हात मधेच पुढं जाऊन अंगठ्यानं काहीतरी चाचपत होता, आणि मग तो जोरानं फुंकर मारत होता.

“आई आली! आई आली!” बायका ओरडत होत्या. मुठी भरभरून भंडारा त्याच्यावर पडत होता. आप्पांनी हात जोडले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कसली आई? तो मच्छ्याच्या कारखान्यात होता. लेथचं चाक फिरवत होता, मशीनवरच्या जॉबची धार अंगठ्यानं बघत होता आणि लोखंडाचा किस फुंकून टाकत होता. त्या अख्ख्या यात्रेत ते हात वाचता येणारा मी एकटाच होतो.

मी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. नाडी मोजता येईना इतकी पळत होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. लगेच दोघांनी मला मागं खेचलं.

“अंगात आल्यावर शिवत्यात व्हय? शहाणा हाईस का?”

“हा मरेल! आजारी आहे तो!”

“आईला आजारी म्हनतोस?” एकानं माझी कॉलर धरली. माझाही हात उठला होता. मी त्या गड्याला दोन ठेवून दिल्या असत्या, तर समाधान मिळालं असतं आणि मारुती तिथंच मेला असता. पाच मिनिटं ओरडूनही मी तसूभर पुढं सरकलो नव्हतो. तेव्हा मला कळलं, की हे गाव मारुतीला माझ्या ताब्यात देणार नाही. देवीला मात्र वाट देईल.

मी पायातले बूट काढले, भंडाऱ्याची मूठ उचलून कपाळाला फासली आणि मारुतीपुढं आडवा पडलो. गर्दी शांत झाली.

“आई, काय पाहिजे? सांग. लेकरांना कळू दे.”

मारुतीनं हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जागी जो कोणी फोरमन उभा होता त्याच्याकडे. “सायरन झाला की,” तो म्हणाला. “गेट उघडा. गेट!”

मी उठलो आणि हात वर केले. “आई वाट मागत्या! मैदानाकडं वाट करा! कुणी आडवं यायचं न्हाय!”

एकतीस वर्षांत माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं. गर्दी दुभंगली. चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं, पुढं हलगी, मागं बायका, मधे ताप चढलेला टर्नर. अशी मिरवणूक टेम्पोपर्यंत गेली. रेणुका आधीच आत चढून बसली होती. मी दार लावलं, टेम्पो हलला आणि मी पेटी उघडून इंजेक्शन भरलं. तिनं त्याचा दंड दोन्ही हातांनी दाबून धरला. तिनं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मारुती लेथवरून उतरला नाही. मऊ पट्ट्यांनी हात बांधावे लागले, अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. हुबळीहून परतलेले डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि पुढं जायचे. पाचव्या दिवशी सकाळी मारुतीनं डोळे उघडले आणि रेणुकेला विचारलं, “पाळी कुठली हाय आज?” ती रडायला लागली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता इस्पितळाचं शहाणपण ऐका. यात्रेत कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. इस्पितळाचा गणवेश, कपाळाला भंडारा आणि पेशंटपुढं लोटांगण! ते आठवड्यात सगळीकडे फिरलं. नवा मॅनेजर टायची गाठ सारखी करत म्हणाला, “ब्रदर, वैद्यकीय संस्थेचा माणूस अंधश्रद्धा पसरवतो?” चौकशी बसली. तीन जणांनी मला तासभर फक्त भंडाऱ्याबद्दल विचारलं. लोटांगण का घातलं, हात वर का केले, ‘आई’ कुणाला म्हणालो. त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही, की चौथ्या दिवशी पेशंट वॉर्डाबाहेर गेलाच कसा, हे विचारावं. तो आरोप खरा होता. त्यासाठी मला घरी बसवलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. पण ज्या एका गोष्टीनं माणूस वाचला, तिच्यासाठी मला तळमजल्यावर पाठवलं आणि जी चूक होती ती तशीच सोडून दिली. भरतीच्या टेबलावर एक मुलगी बसवली. तिच्या संगणकात सगळ्यांना पाच दिवस आधीच भरून ठेवलेले. माणूस विणकर असो की टर्नर, पाच.

आणि गाव? गावानं मारुतीची दारू लक्ष्मीनं सोडवली असं ठरवून टाकलं. अंगात आली, वाईट होतं ते घेऊन गेली. पुढच्या यात्रेपर्यंत ही कथा आणखी वाढेल. त्यात इस्पितळ नाही, डॉक्टर नाहीत. फार तर एक भक्त आहे, लोटांगण घालणारा.

हे होऊन काही महिने गेले. एका दुपारी मी शिक्के मारत बसलो होतो. दारात रेणुका उभी राहिली. मारुती कामावर जात होता, पीत नव्हता, हे मला ठाऊक होतं. तिच्या मागं आप्पा होते. पटका नव्हता. चादरींच्या गठ्ठ्यावर बसताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“अण्णा,” रेणुका म्हणाली, “मामंजींचं वर कुणाला सांगाय नगं. हितंच बोलाय आलोय.”

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, “भरतीच्या टेबलावरल्या पोरीला इचारलं. पाच दिस म्हनली. पुरत्यात?”

“कुणाला?”

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हात पुढं केला आणि स्वतःच टॉवेल वर टाकला.

मी हात धरला. तीच थरथर. तेव्हाची, जशीच्या तशी. हजारो हात मी याच थरथरीसाठी तपासले होते, रोज, दर काही तासांनी, कागदावर टिपून. आणि हा एक हात माझ्या हातात असताना मी गुरांच्या बाजारात उभा होतो. मुलाला शपथ घालणारा हा म्हातारा त्या दिवशी सकाळपासून स्वतः घेतली नव्हती म्हणून थरथरत होता आणि मी त्याला अडलेलं गिऱ्हाईक समजून ताणत बसलो होतो.

“किती वर्षं, आप्पा?”

“मारुतीच्या जन्माआधीपास्नं. गावात कुणाला म्हाईत न्हाय. मान हाय न्हवं घराण्याला.”

“मग सोडली का नाही?”

“सोडून बघितली की दोनदा. मुंग्या आल्या.”

माझ्याकडे सुनावायला बरंच काही होतं. तुमच्या सुनेला त्या दिवशी बोलू दिलं असतं तर, हे होतं. मुंग्या म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक होतं, हे होतं. पण ठाऊक तर मलाही होतं.

मी त्यांची बोटं दाबली नाहीत. बोली त्यांनीच लावली. पूर्ण पंजा दाबला. थोडं थांबले. मग पुन्हा पूर्ण पंजा.

मला सातच हवे होते. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मागण्याआधी दहा दिले होते. मी घेतले.

आप्पांचा दंड धरून मी त्यांना जिन्यानं वर नेलं. शिक्क्याची शाई लागलेल्या हातानं भरतीचा कागद ओढून घेतला. टेबलावरची मुलगी म्हणाली, “सर, हे तुमचं काम नाही. आणि संगणकात पाचच दिवस येतात.”

“पाच आणि पाच लिही,” मी म्हणालो. “सौदा झालाय.”